‘मामा’चा ‘बाबा’ होतो तेव्हा : ॲडिनॉइड आणि त्याचं ऑपरेशन

जून उजाडला, शाळा सुरू झाली, पावसानं कोल्हापूर गारठलं की कान-नाक-घसा डॉक्टरांच्या बाकड्यावर तोंड उघडं टाकून बसलेली चार-पाच वर्षांची पोरं हमखास दिसतात. नाक वाहतंय, रात्री घोरतंय, हाक मारली तर ओ देत नाही. डॉक्टर मानेचा एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणतात, ‘‘ॲडिनॉइड वाढलंय. काढावं लागेल बहुतेक.’’ घरी येईपर्यंत त्याचं ‘नाकात मांस वाढलंय’ होतं, शेजारीण ‘नाकाचं हाड’ म्हणते, आजी म्हणते एवढ्याशा लेकराला भूल द्यायची नाही. दोन दिवसांत घरात दोन तट पडतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो: या मुलाची गाठ काढायलाच हवी का?

त्याचं उत्तर गाठ किती मोठी आहे यावर कमी अवलंबून असतं. ती मुलाच्या झोपेचं, कानाचं आणि श्वासाचं काय करते आहे, यावर जास्त.

गाठ नेमकी कुठे असते?

ती नाकात नसतेच, म्हणून नाकपुडीत बॅटरी मारून दिसत नाही. तोंड उघडून आ करायला लावलं तरी दिसत नाही. नाकाची पोकळी मागे जिथे घशाला मिळते, तिथे मऊ टाळूच्या वर, छतासारख्या भागाला ती चिकटलेली असते. टॉन्सिल ज्या मांसाचे, त्याच जातीचं हे मांस.

पन्हाळ्याच्या दरवाजांवरच्या चौक्या आठवा. तोंडाच्या वाटेवर टॉन्सिलची चौकी, नाकाच्या मागच्या वाटेवर ॲडिनॉइडची. जिभेच्या मुळाशी आणि कानाच्या नळीपाशीही छोट्या चौक्या आहेत. आत येणाऱ्या जंतूंची ओळख पटवून शरीराला सावध करायचं हे त्यांचं काम. लहानपणी रोज नवे जंतू भेटतात, त्यामुळे साधारण तीन ते सात या वयात ही चौकी सर्वांत फुगलेली असते. पुढे ती आपोआप आकसते आणि मिसरूड फुटेपर्यंत बहुतेकांची नावापुरती उरते. नाकाचं वाकडं हाड, नाकातलं पॉलिप (अस्तर सुजून लोंबणारा मऊ फुगा) आणि ॲडिनॉइड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे उपायही वेगळे.

दरवाजाच अडला तर

चौकी इतकी फुगली की दरवाजातून जायला वाट उरत नाही, तेव्हा त्रास सुरू होतो. पहिला पुरावा बोलण्यात सापडतो. ‘म’ आणि ‘न’ म्हणताना हवा नाकातून बाहेर पडावी लागते. ती वाट बंद असेल तर ‘म’चा ‘ब’ होतो, ‘न’चा ‘द’. मूल ‘मामा’ला ‘बाबा’ म्हणतं आणि ‘नाना’ला ‘दादा’. स्वतःचं नाक चिमटीत धरून ‘मीनाचा मामा’ म्हणून पाहा, लगेच कळेल. लोक याला ‘नाकात बोलतंय’ म्हणतात. प्रत्यक्षात आवाजात नाक असायला हवं तिथेच ते नसतं. दुसरी घरगुती खूण म्हणजे स्टीलचा थंड चमचा. मुलाचं तोंड मिटवून नाकाखाली धरा आणि दोन्ही बाजूंना वाफ धरते का ते बघा. यानं निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला उपयोग होतो.

सगळ्यात गंभीरपणे घ्यायची गोष्ट झोप. नुसतं घोरणं वेगळं. घोरता घोरता आवाज थांबणं, छाती आत ओढली जाणं, पण हवा आत न जाणं, मग दचकून मोठा श्वास घेणं, हे वेगळं. याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. असं मूल रात्रभर झोपूनही झोपलेलं नसतं. सकाळी चिडचिड करतं, वर्गात पेंगतं किंवा उलट एका जागी बसत नाही. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होऊ शकतं, वजन भरत नाही. अंगात सुस्ती आहे म्हणून टॉनिक आणण्याआधी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करा. छाती उघडी असू द्या, आवाज टिपू द्या. आणि ते पहाटेकडे करा. मुलांमधले असे अडथळे स्वप्नांच्या झोपेत जास्त येतात, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते. झोप लागल्या लागल्या केलेलं चित्रण बऱ्याचदा फसवं निघतं.

कानाचा काय संबंध?

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की टक् करून उघडतात. मधल्या कानाला नाकाच्या मागून हवा पुरवणारी एक नळी आहे, तिची ही करामत. या नळीचं तोंड ॲडिनॉइडला लागूनच असतं. गाठ मोठी झाली, किंवा तिच्यात जंतूंनी ठाण मांडलं, की नळी नीट उघडत नाही. मग कानाच्या पडद्यामागे हवेऐवजी पाणी साठतं आणि हळूहळू ते डिंकासारखं घट्ट होतं. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मूल कानात बोटं घातल्यासारखं ऐकतं, एवढंच. टीव्हीचा आवाज वाढतो, शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते. बोलायला शिकायच्या वयात हे महिनोन्‌महिने चाललं तर उच्चार मागे पडतात.

हे पाणी पुष्कळदा आपोआप आटतं. म्हणून तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. तीन महिन्यांनंतरही पाणी आणि ऐकण्यातली कमतरता असेल तर पडद्यात बारीक नळी बसवतात, तिला ग्रॉमेट म्हणतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला नाकाचा त्रास नसेल तर आधी नुसतं ग्रॉमेट पुरतं. चारच्या पुढे ॲडिनॉइड काढल्याचा कानाला खरा फायदा होतो.

एक्स-रेत मोठी दिसली, मग काढायचीच ना?

नाही. पाच वर्षांच्या मुलाचं ॲडिनॉइड मोठं असणं हे त्या वयाचंच लक्षण आहे. शिवाय एक्स-रे काढताना मूल रडत असेल, गिळत असेल, तर मऊ टाळू वर उचलला जातो आणि मोकळी वाटही बंद दिसते. बारीक, लवचीक दुर्बीण नाकातून घालून पाहणं जास्त खात्रीचं. मिनिटभराचं काम आहे. कानासाठी ऐकण्याची तपासणी आणि पडद्यामागचा दाब मोजणारी चाचणी होते, दोन्हींत सुई टोचावी लागत नाही.

थांबण्यातही तथ्य असतं. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना झोपेतला श्वासरोध होता, पण फार तीव्र नव्हता. निम्म्यांचं टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढलं, निम्म्यांवर नुसती नजर ठेवली. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली, आणि नुसत्या थांबलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची. ऑपरेशनचा फायदा स्पष्ट आहे, वागणं आणि झोप दोन्ही सुधारले. पण सौम्य त्रास असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी ‘थोडं थांबू का?’ असं विचारलं तर तो भित्रेपणा नाही.

औषधानं जिरत नाही का?

काही मुलांत बऱ्यापैकी जिरतं. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, उदाहरणार्थ मोमेटासोन, दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात. साधारणपणे प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा, एकच फवारा, सहा ते बारा आठवडे. ‘स्टेरॉइड’ शब्दाला घाबरून तो चार दिवसांत बंद करणं ही नेहमीची चूक. तो नाकातच काम करतो, रक्तात जाणारं प्रमाण अगदी थोडं, आणि परिणाम दिसायलाच दोन-तीन आठवडे लागतात. दुसरी चूक मारण्याच्या पद्धतीत. मान मागे टाकून मारला तर औषध सरळ घशात जातं. मान किंचित खाली, फवाऱ्याचं टोक नाकाच्या मधल्या पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेला, आणि जोरात हुंगायचं नाही. आधी मिठाच्या पाण्याच्या तयार थेंबांनी नाक साफ केलेलं असावं.

नाक पटकन मोकळं करणारे थेंब यासाठी नाहीत. ते पाच-सात दिवसांपेक्षा जास्त टाकले तर नाक उलट जास्त चोंदतं. माँटेल्युकास्टच्या गोळ्याही दिल्या जातात. त्यांनी काही मुलांत वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा येतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गोळी सुरू झाल्यावर मूल बदललंय असं वाटलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि घरातली हवा. ॲलर्जी असलेल्या मुलाला गुऱ्हाळाचा धूर, शेतात पेटवलेला उसाचा पाला, देव्हाऱ्यातली उदबत्ती, वडिलांची बिडी-सिगारेट, सगळंच बाधतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नसतात, पुढच्या दोन असतात.

ऑपरेशन ठरलं, तर आधी काय?

रक्ताच्या तपासण्या होतीलच. पण कागदापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: घरात कुणाला दात काढल्यावर, लागल्यावर रक्त न थांबण्याचा त्रास झाला आहे का? असेल तर आपणहून सांगा. ॲस्पिरिनसारखी औषधं, हलणारा दुधाचा दात, दमा, मागच्या पंधरवड्यातला ताप-खोकला, हेही भूलतज्ज्ञांना सांगायचं. सर्दी-खोकला ताजा असेल तर श्वासनलिका चिडलेली असते आणि भूल देताना ती आवळू शकते. म्हणून ते तारीख दोन-तीन आठवडे पुढे ढकलतील. रजा टाकलेली असली तरी आग्रह धरू नका.

सर्जननं टाळू पाहिला का, हे विचाराच. काही मुलांत टाळू वरून अखंड दिसतो, पण आतले स्नायू जुळलेले नसतात. पडजीभ दुभागलेली दिसते, कडक टाळूच्या मागच्या कडेला बोटाला खाच लागते. अशा मुलाचा तोकडा टाळू मागच्या ॲडिनॉइडला टेकूनच नाकाची वाट बंद करत असतो. गाठ सगळी खरवडली तर आधार जातो, दूध नाकातून येतं आणि बोलताना हवा नाकातून सुटते, ‘प’, ‘क’ फुसके होतात. हे दुरुस्त करणं अवघड. पाहायला मात्र अर्धं मिनिट लागतं.

उपाशी राहण्याचा हिशेब असा: अन्न आणि दूध सहा तास बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. गंगावेशीतलं पहाटेचं धारोष्ण दूध ‘पातळच तर आहे’ म्हणून चालत नाही, पोटात गेलं की त्याचं दही होतं. भुलेत उलटी झाली तर ते फुप्फुसात जातं आणि जीवावर बेततं. कुणी मायेनं बिस्किट भरवलं असेल तर लपवू नका. ऑपरेशन उशिरा होईल, एवढंच.

टेबलावर काय करतात?

पूर्ण भूल देतात आणि श्वासाची नळी तोंडातून बसवतात. खांद्याखाली उशी ठेवून मान मागे करतात, तोंड आकड्यानं उघडं धरतात. सगळं काम तोंडातून किंवा नाकातून होतं, चेहऱ्यावर कुठे चीर नाही, टाका नाही. जुन्या पद्धतीत वाकड्या पात्याच्या क्युरेटनं गाठ खरवडतात आणि रक्त थांबेपर्यंत कापसाच्या घड्या दाबून ठेवतात. हात सराईत असला तरी हे बरंचसं अंदाजानं होतं, त्यामुळे नाकाच्या मागच्या तोंडाशी तुकडे राहू शकतात. दुर्बिणीतून पाहत फिरत्या पात्याच्या मायक्रोडिब्रायडरनं, किंवा मिठाचं पाणी आणि विजेच्या साहाय्यानं कमी तापमानात मांस विरघळवणाऱ्या कोब्लेशननं, डोळ्यांसमोर काढता येतं. कोब्लेशनमध्ये रक्त कमी जातं, पण त्याची एकदाच वापरायची कांडी महाग असते आणि बिल तिथे फुगतं. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती चांगली. यंत्राचं नाव ऐकून दवाखाना निवडू नये. काम अर्ध्या-पाऊण तासाचं, पण भूल देणं-उतरवणं धरून मूल दीड-दोन तास आत असतं. तेवढा वेळ घाबरू नका.

नळी काढण्याआधी मऊ टाळूच्या मागे साकळलेलं रक्त शोधून ओढून घेतात. तिथली गुठळी राहून श्वासनलिकेत पडली तर श्वास कोंडतो. चांगले सर्जन आणि भूलतज्ज्ञ हे कधी विसरत नाहीत.

बरीच मुलं त्याच दिवशी घरी जातात. तीन वर्षांच्या आतलं मूल, श्वासरोध तीव्र असलेलं, डाउन सिंड्रोम असलेलं, यांना मात्र रात्रभर ऑक्सिजनच्या नोंदीखाली ठेवायलाच हवं. सुजेमुळे पहिली रात्र श्वासाला जड जाऊ शकते. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून मान बेतानं वाकवावी लागते. ते आधीच बोलून घ्या.

घरी आल्यावर

चार-पाच दिवस घसा आणि कान दुखतो. कानात काही बिघडलेलं नसतं, घशाची आणि कानाची संवेदना एकाच मज्जातंतूतून जाते म्हणून तसं जाणवतं. आठ-दहा दिवस तोंडाला घाण वास येतो, ते जखम भरण्याचं लक्षण. मान थोडी आखडते. पण मान एका बाजूला वाकडी होऊन तशीच राहिली, ताप आणि दुखणं वाढत गेलं, तर त्याच दिवशी दाखवा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं: किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १६ किलोच्या मुलाला एका वेळी २४० मिलिग्रॅम. इथे घोळ बाटलीत होतो. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. पहिलं असेल तर साधारण साडेनऊ मिलिलिटर, दुसरं असेल तर पावणेपाच. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका. ॲस्पिरिन नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बारा वर्षांखालच्या मुलाला मुळीच नको, काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्यानं मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो.

खायला मऊ भात, खिमट, ताक, थंड दूध, आइस्क्रीम. भडंग, चकली, तांबडा रस्सा आठवडाभर दूर. पाणी सतत पाजा, कोरडा घसा जास्त दुखतो. शाळा आठवडाभर बंद, पंचगंगेतलं किंवा विहिरीतलं पोहणं दोन-तीन आठवडे बंद. ग्रॉमेट घातलं असेल तर पोहण्याचं वेगळं विचारा.

नुसत्या ॲडिनॉइडच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव शंभरात एकाहूनही कमी मुलांत होतो. झालाच तर बहुधा पहिल्या २४ तासांत, क्वचित पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास. मूल रक्त थुंकतंच असं नाही. झोपेत सारखं गिळत राहतं, मग एकदम काळपट उलटी होते. १५ किलोच्या मुलाच्या अंगात सव्वा लिटरच्या आसपासच रक्त असतं, म्हणून वाटीभर जाणंही थोडं नाही. सारखं गिळणं, लाल रक्त, फिका चेहरा, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता निघा. राधानगरी, गगनबावड्याकडच्या लोकांनी पहिली रात्र शहरातच नातेवाइकांकडे काढलेली बरी.

प्रतिकारशक्ती जाईल, ही भीती

एक चौकी उठली तरी बाकीच्या पहाऱ्यावर असतात. काही चाचण्यांत प्रतिपिंडांचे आकडे थोडे हलतात, पण त्यामुळे मुलं जास्त आजारी पडू लागली असं दिसलेलं नाही. विरुद्ध बाजूनं एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. डेन्मार्कमध्ये १९७९ ते १९९९ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी २०१८ मध्ये तपासल्या गेल्या, आणि नवव्या वर्षाआधी ॲडिनॉइड किंवा टॉन्सिल काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार जास्त आढळले. पण ज्यांना काढावं लागलं ती मुलं मुळातच जास्त आजारी असणारी असू शकतात. अशा नोंदींतून कारण सिद्ध होत नाही. तरीही तो अभ्यास हसण्यावारी न्यायचा नाही. गरज नसताना काढू नये, एवढं तो ठामपणे सांगतो. श्वास अडलेलं मूल तसंच ठेवावं, असं सांगत नाही.

परत वाढेल का? थोडंफार मांस उरतंच, आणि फार लहानपणी काढलं तर ते पुन्हा वाढू शकतं. पुन्हा ऑपरेशन मात्र थोड्यांनाच लागतं. ऑपरेशननंतरही तोंडानं श्वास चालू राहिला तर आधी ॲलर्जी आणि सवय तपासा. टाळू अरुंद झाला असेल, दात पुढे आले असतील, तर दंतवैद्य लागतील.

खर्चाची सोय

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सीपीआर, हे शाहू महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या खासगी रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन आधी त्यांना भेटा आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का, मंजुरी आधी लागते का, ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ऐकू कमी येण्याची शंका त्यांना सांगितली तर पुढची चिठ्ठी तिथूनच मिळते.

मोठ्या माणसाला ॲडिनॉइड?

मुलांत थांबून पाहणं शहाणपणाचं असतं, मोठ्यांत तसं नाही. चाळिशीच्या माणसात ही गाठ आकसून गेलेली असायला हवी. असेल, तर का आहे हे शोधावं लागतं. जुनी ॲलर्जी, सायनसचा जंतुसंसर्ग, धूम्रपान ही साधी कारणं. एचआयव्ही आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) ही दुर्लक्ष न करण्याजोगी. आणि त्याच जागी होणारा कर्करोग. भारतात तो ईशान्येकडे, विशेषतः नागालँडमध्ये जास्त आढळतो, आपल्याकडे कमी. कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. एकाच कानात पाणी साठून ऐकू कमी येणं, शेंबडात रक्ताची रेघ, मानेत न दुखणारी गाठ, एकाच्या दोन वस्तू दिसणं, यातलं काहीही असेल तर नुसतं कानात औषध घालून परत पाठवणं चूक आहे. नाकाच्या मागे दुर्बिणीनं पाहायलाच हवं. मोठ्यांत गाठ काढली की तिचा तुकडा तपासणीला जातोच. मुलांत तो नेहमी पाठवतात असं नाही.

किशोरवयातल्या मुलग्यांबद्दल मात्र उलटी सावधगिरी. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचं नाक एका बाजूनं बंद आहे आणि त्याच बाजूनं वारंवार घोळणा फुटतो, तर ते ॲडिनॉइड समजून कुणी खरवडायला जाऊ नये, तुकडाही काढू नये. या वयात मुलग्यांच्या नाकामागे रक्तवाहिन्यांनी भरलेली अँजिओफायब्रोमा नावाची गाठ होते. ती कर्करोगाची नसते, पण तिला नुसतं टोचलं तरी रक्त आवरत नाही. आधी शिरेतून रंग देऊन सीटी किंवा एमआरआय, मग त्या गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बंद करणं, आणि त्यानंतर ऑपरेशन, असा क्रम असतो. तेही रक्ताच्या बाटल्या तयार ठेवून, मोठ्या रुग्णालयात.